तळटीप : डॉमिनिका

१. डॉमिनिका : पूर्व कॅरिबियनमध्ये, ग्वादलूप व मार्टिनिक यांच्या मधोमध असलेले सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट, राजधानी रोझो. डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा. येथील सर्वोच्च शिखर मॉर्न डियाब्लोटिन्स, उंची १,४४७ मीटर. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे या डोंगरांना अडून वर चढतात. त्यामुळे अंतर्भागात धो धो पाऊस पडतो, पश्चिम किनारा त्या मानाने कोरडा राहतो. भूगर्भातील धग उकळत्या ‘बॉइलिंग लेक’मध्ये दिसते. राष्ट्रध्वजावरचा सिसेरू पोपट जगात फक्त याच बेटावर आढळतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने येथील जंगले ओरबाडून काढली. त्यापूर्वीची वर्णने वाचताना वाचकांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. — संपादक