शिरोड्याचे मास्तर आणि बोलपट

वि. स. खांडेकर म्हटले की आपल्याला ‘ययाति’ आठवते. पण याच लेखकाने अनेक बोलपटांच्या कथा लिहिल्या, हे आपल्यातील पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ही टीका नव्हे. घरकामातून सवड काढून जे वाचले, ते सांगते.

खांडेकरांचा जन्म १८९८ साली सांगलीस झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. कोकणातल्या चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. शिरोडे तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या शाळा सांभाळूनच लिहिलेल्या.

१९३६ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘छाया’ निघाला. कथा खांडेकरांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. आजारी बायकोच्या औषधासाठी बाप चोरी करतो आणि त्याचे भोग मुलांच्या वाट्याला येतात, अशी ती गोष्ट. पुढे ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ आले. १९३८ च्या ‘ज्वाला’वर पैसा फार ओतला गेला, पण तो चालला नाही. कादंबरी खपली नाही तर कागद वाया जातो. बोलपट पडला की कितीतरी घरच्या चुलींना झळ लागते!

‘क्रौंचवध’ १९४२ ची, त्यानंतरची ‘अश्रू’ एकदम १९५४ ची. मध्ये बारा वर्षे कादंबरी नाही. बोलपटापायी लेखणी वाया गेली असे कोणी म्हणेल, पण मला ते पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणींना कादंबरी वाचता येत होती? पडद्यावरची गोष्ट अक्षरओळखीवाचून कळते.

तरी एक खरे. ते बोलपट आज कोण पाहतो? १९५९ ची ‘ययाति’ मात्र अजून हातोहात फिरते. तिला १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले पहिलेच. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने आपली बाजू मांडतात. मला देवयानीची पटते, माझ्या शेजारणीला शर्मिष्ठेची. या वादापायी वाचनालयाच्या प्रतीची मुदत आम्ही दोनदा वाढवून घेतली.