टोमॅटो : परसबागेतील इतिहास

वांगे, मिरची, बटाटा यांच्याच सोलॅनेसी कुलातील ही वनस्पती असून तिच्या रानटी जाती पेरू व एक्वादोर या देशांत आढळतात. तिची लागवड मात्र मेक्सिकोत रुजली. तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘टोमाट्ल’ या शब्दावरून हे नाव आले आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत तिचे बी यूरोपात गेले. इटालियन वैद्य मात्तिओली यांनी १५४४ मध्ये तिचा उल्लेख केला. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड यांनी ती आपल्या बागेत वाढविली. तथापि १५९७ च्या वनस्पतिग्रंथात त्यांनी तिला दुर्गंधी व पोषणास निरुपयोगी ठरविले. शोभेचे झाड म्हणूनच तेथे ती दीर्घकाळ लावली जाई. अमेरिकेत टॉमस जेफर्सन यांच्या बागेच्या टिपणांत १८०९ पासून तिची नोंद आढळते. न्यू जर्सीतील सेलम येथे १८२० मध्ये एका गृहस्थाने भर चौकात टोमॅटो खाऊन लोकांची भीती घालविली, ही प्रसिद्ध कथा मागाहून रचलेली दिसते.

भारतात हे फळ बहुधा पोर्तुगीजांमुळे आले. मराठीत त्यास वेलवांगे व बंगालीत बिलाती बेगुन, म्हणजे विलायती वांगे, असे म्हणत. या नावांत सूचित होणारे वांग्याशी नाते बागाइतदारास त्रासदायकही ठरते; कारण जंतुजन्य मर रोग दोहोंना होतो व कोकणासारख्या उष्ण, दमट प्रदेशात तो विशेष बळावतो. वांगी, मिरची यांच्या वाफ्यात लगेच टोमॅटो लावू नये, असे म्हणतात ते यामुळेच. लहान परसात वाफा बदलण्यास जागा नसते, ही खरी अडचण होय.

मूळ प्रदेशातून थोडेच बी बाहेर पडले आणि फुलात बहुधा स्वपरागण होते. त्यामुळे लागवडीतील वाणांत आनुवंशिक विविधता फार कमी राहिली व रोगांना तोंड देण्याची शक्तीही मर्यादित राहिली. फ्युजेरियम हे कवक मुळांतून शिरून जलवाहिन्या बंद करते. पाने खालून पिवळी पडतात व झाड सुकते. जमिनीत ते अनेक वर्षे टिकते. यावरील उपाय अखेर रानातच सापडला. पेरूकडील बोराएवढ्या फळांच्या एका रानटी जातीत प्रतिकारशक्ती आढळली व तिच्या संकरातून १९४१ मध्ये अमेरिकेत ‘पॅन अमेरिका’ हा वाण प्रसृत झाला. बियांच्या पाकिटांवरील ‘एफ’ हे अक्षर या कवकाविरुद्धची, तर ‘एन’ हे सूत्रकृमींविरुद्धची प्रतिकारशक्ती दर्शविते. मात्र कवकाचे नवे प्रभेद निर्माण होत असल्याने रानटी जातींचा शोध पुढेही चालू राहिला.