शत्रूची साक्ष

एखाद्या धर्माच्या अनुयायांनीं आपल्याच परोपकाराचीं केलेलीं वर्णनें इतिहासाच्या अभ्यासकानें थोड्या सावधपणें वाचावीं हें बरें. स्तुति करणारा आणि स्तुतीस पात्र ठरणारा एकच असला म्हणजे साक्षीचें वजन कमी होतें. परंतु जो मनुष्य त्या धर्माचा पाडाव करावयास निघाला आहे, तोच जेव्हां चिडून त्याच्या एखाद्या गुणाची कबुली देतो, तेव्हां तिच्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. ख्रिस्ती लोकांच्या दानधर्माविषयीं अशी एक कबुली इ. स. ३६२ च्या सुमारास रोमन बादशहा जूलियन यानें एका पत्रांत दिलेली आहे.

जूलियन हा पहिल्या ख्रिस्ती बादशहाचा, म्हणजे कॉन्स्टंटाइनचा, पुतण्या. ३३७ मध्यें कॉन्स्टंटाइन वारल्यावर राजघराण्यांत जी कत्तल झाली, तींत याचा बाप आणि बहुतेक आप्त मारले गेले. पोरका झालेला हा मुलगा आशियामायनरमधील कापादोकिया प्रांतांत, कैसरिया शहराजवळच्या एका सरकारी वाड्यांत सहा वर्षें जवळजवळ नजरकैदेंत वाढला. त्याचें शिक्षण ख्रिस्ती पद्धतीचें झालें. उपासनेच्या वेळीं शास्त्रपाठ वाचण्याचें कामहि त्यानें केलें होतें. पुढें ग्रीक तत्त्वज्ञानाच्या सहवासांत तो मनानें जुन्या देवांकडे वळला, आणि ३६१ मध्यें सिंहासन हातीं येतांच त्यानें तें उघड केलें. पूर्वीच्या बादशहांप्रमाणें ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढें टाकण्याचा मार्ग त्यानें पत्करला नाहीं. जुन्या देवळांचे पुजारीच इतके सुधारावयाचे, कीं लोकांना दुसरीकडे जाण्याचें कारण उरूं नये, अशी त्याची योजना होती.

गलातिया प्रांताचा मुख्य पुजारी आर्साकियस यास लिहिलेल्या पत्रांत ही योजना आहे. यहुद्यांमध्यें कोणी भीक मागतांना दिसत नाहीं. आणि हे गालीलकर (ख्रिस्ती लोकांना तो तिरस्कारानें असें म्हणे) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, पण आमच्याहि गरिबांना पोसतात. आमच्या माणसांना आमच्याकडून मात्र कांहीं मिळत नाहीं, ही लज्जेची गोष्ट होय, असा त्याचा मतितार्थ. म्हणून गांवोगांव धर्मशाळा बांधाव्या, त्यांत परधर्मीयांनाहि आसरा द्यावा, अशी आज्ञा करून त्यानें दरसाल ३०,००० मोदियस गहूं आणि ६०,००० मापें द्राक्षमद्य सरकारांतून मंजूर केलें. त्याचा पांचवा हिस्सा पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांना, आणि बाकीचा परक्यांना व याचकांना. या पत्राच्या अस्सलपणाविषयीं अलीकडे कांहीं पंडितांनीं शंका घेतली आहे. परंतु जूलियनच्या दुसऱ्या एका पत्राच्या उरलेल्या भागांतहि हीच तक्रार आढळते, तेव्हां मुद्दा बदलत नाहीं. ३६३ च्या जूनमध्यें इराणवरील स्वारींत तो पडला आणि योजना तेथेंच थांबली. तो जगता तरी ती कितपत फळास येती याचा आम्हांस संशय आहे. गहूं सरकारी कोठारांतून आणतां येतो. तो शिजवून महारोग्याच्या हातीं देणारीं माणसें कोठून आणणार?

जुने रोमन लोक कृपण होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. धाकटा प्लिनी यानें आपल्या कोमम या जन्मगांवीं ग्रंथालय दिलें, त्याच्या देखभालीसाठीं १,००,००० आणि गांवांतील मुलांमुलींच्या पोषणासाठीं ५,००,००० सेस्टर्स नाणीं दिल्याचें शिलालेखावरून समजतें. असे दाते त्या साम्राज्यांत गांवोगांव होते. परंतु हें दान नगराच्या नागरिकाला, तो नागरिक म्हणून मिळे. रोम शहरांत धान्य वांटलें जाई तेंहि यादींत नांव असलेल्या नागरिकांना. भूक किती लागली आहे ही त्यांत कसोटी नव्हती. उपाशी, परका, ज्याचें नांव कोणत्याच यादींत नाहीं, असा मनुष्य या औदार्याच्या कक्षेंत येतच नसे. आणि दात्याचें नांव दगडावर कोरलें जाई. आपल्याकडे 'सत्पात्रीं दान' म्हणतात. पात्र कोण हें ठरविण्याची रीत देशोदेशीं निराळी, एवढेंच.

ख्रिस्ती दानाचें मूळ यहुदी धर्मशास्त्रांत आहे, हें जूलियनच्याहि ध्यानांत आलें होतें. शेताच्या कडेचें पीक कापूं नये, पडलेलीं कणसें वेंचूं नयेत, तीं गरिबांसाठीं व परक्यांसाठीं ठेवावीं, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. येशूनें त्याच्यापुढें एक पाऊल टाकलें. माझा शेजारी कोण, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यानें चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. तींत वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याच्या जखमा बांधणारा हा त्याच्या जातीच्या दृष्टीनें अगदीं त्याज्य असा परका आहे. न्यायाच्या दिवसाविषयीं बोलतांना तर त्यानें स्वतःलाच भुकेल्यांच्या, उघड्यांच्या आणि बंदिवानांच्या ठायीं ठेवलें. येथें पात्रापात्रतेचा प्रश्नच उलटा होतो. समोरच्या भिकाऱ्याच्या रूपानें देवच उभा असला, तर त्याची योग्यता कोणीं तपासावयाची?

या शिकवणीला व्यवस्थेची जोड फार लवकर मिळाली. प्रेषित पौलानें यरुशलेमच्या गरिबांसाठीं मासेदोनिया व ग्रीस येथील मंडळ्यांकडून वर्गणी जमविली. ती घेऊन जाण्यासाठीं मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं, कारण पैशाच्या कामांत आपणांवर कोणीं बोट ठेवूं नये याची त्याला काळजी होती. गुप्तदानाचा उपदेश करणाऱ्या धर्मांत हिशेब मात्र चारचौघांत ठेवला गेला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्यें लिहिणारा जस्टिन सांगतो कीं, रविवारच्या उपासनेनंतर ज्याला इच्छा असेल तो देतो, आणि तें अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांच्या कामीं येतें. कार्थेजचा टर्टुलियन, सुमारें १९७ मध्यें, महिन्याच्या वर्गणीच्या पेटीचा उल्लेख करतो. तिच्यांतून बेवारशी गरिबांचें दफन होई, जहाज फुटून निराधार झालेल्यांना व खाणींत शिक्षा भोगणाऱ्यांना मदत जाई. २५१ मध्यें रोमचा बिशप कॉर्नेलियस यानें एका पत्रांत आंकडेच दिले आहेत: मंडळींत ४६ वडील व ७ डीकन, आणि मंडळीच्या अन्नावर असलेल्या विधवा व पीडित १,५०० हून अधिक. धर्म अजून बेकायदेशीर, वर्षापूर्वींच डीशियस बादशहानें छळ मांडलेला, आणि अशा स्थितींत हा संसार चाललेला!

त्याच सुमारास साम्राज्यांत भयंकर सांथ पसरली. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें आपल्या लोकांना सांगितलें कीं, केवळ आपल्या माणसांची शुश्रूषा केली तर त्यांत विशेष कांहीं नाहीं. जे आपणांस छळीत होते त्यांचीहि करावयास पाहिजे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या पत्रावरून दिसतें कीं, तेथें रोग्यांची सेवा करतां करतां मंडळींतील कित्येक वडील, डीकन आणि साधे लोक स्वतः त्याच रोगानें मेले. इतर लोक आपल्या आजारी आप्तांना जीव जाण्यापूर्वींच रस्त्यावर टाकीत, असेंहि तो म्हणतो. येथें साक्ष देणारा घरचाच आहे, तेव्हां ही शेवटची गोष्ट जरा हात राखून घ्यावी. भीति सर्वांनाच सारखी असते.

आतां पुन्हां कैसरियाकडे वळूं. ज्या शहराच्या शेजारीं जूलियन लहानाचा मोठा झाला, त्याच शहरांत त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर एका मनुष्यानें दिलें. बेझिल हा तेथील श्रीमंत जमीनदार घराण्यांतला, अथेन्स येथें शिकलेला. त्याचें सारें घरच या वेडानें भारलेलें होतें. भाऊ नॉक्रेशियस रानांत राहून शिकार करी आणि ती गरीब, आजारी म्हाताऱ्यांना खाऊं घाली; शिकारीस गेला असतांच तो वारला. बहीण मॅक्रिना हिनें दुष्काळांत रस्त्यावर टाकलेल्या मुली उचलून आणून वाढविल्या.

हा दुष्काळ ३६९ च्या सुमाराचा. हिंवाळ्यांत बर्फ नाहीं, वसंतांत पाऊस नाहीं. समुद्रकांठच्या शहरांना जहाजानें धान्य येऊं शके. कैसरिया डोंगराळ मुलुखांत, आंत. बैलगाडीनें धान्य आणावयाचें तर भाडेंच परवडत नसे. साठेवाले भाव चढण्याची वाट पाहत होते. बेझिल त्या वेळीं बिशप नव्हता, साधा धर्मोपदेशक होता. त्यानें प्रवचनांतून या लोकांवर जो हल्ला चढविला, तो आजहि वाचवत नाहीं इतका तीव्र आहे. कोठारांत अडवून ठेवलेलें धान्य हें मालकाचें नसून भुकेल्याचें आहे, म्हणून तें अडविणें ही चोरी, असा त्याचा सरळ युक्तिवाद. एका प्रवचनांत त्यानें पोटचें मूल विकावयास निघालेल्या बापाचें चित्र काढलें आहे: कोणतें विकावें? थोरलें कीं धाकटें? आणि समोरचा धनिक त्यांतहि घासाघीस करीत आहे.

कोठारें उघडलीं. बेझिलनें स्वतःचीहि मालमत्ता या कामीं घातली. त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी लिहितो कीं, बायका, पुरुष, मुलें, म्हातारे एके ठिकाणीं जमवून, मोठमोठ्या कढयांत डाळीचें कढण व खारवलेलें मांस शिजवून तो त्यांना वाढी, आणि कमरेला फडकें बांधून त्यांचे पाय धुई.

३७० मध्यें तो बिशप झाला, आणि दुष्काळापुरतें केलेलें काम त्यानें कायमचें केलें. शहराबाहेर त्यानें एक वसाहतच उभारली: प्रवाशांसाठीं धर्मशाळा, रोग्यांसाठीं घरें, वैद्य, परिचारक, ओझ्याचीं जनावरें, वाटाडे आणि या सर्वांस लागणाऱ्या धंद्यांचे कारखाने. ही यादी आपणांस मिळते ती त्याच्या एका पत्रांत. आणि तें पत्र बचावाचें आहे, कारण एलियस नांवाच्या सुभेदाराकडे त्याच्याविरुद्ध चहाड्या झाल्या होत्या. यांत राज्याचें काय नुकसान होतें, असें त्यानें विचारलें आहे. महारोगी, ज्यांना घरच्यांनींच हांकून दिलें होतें, ते येथें राहत, आणि बेझिल त्यांना आलिंगन देई. लोक या वसाहतीला त्याच्या नांवावरून बेझिलियास म्हणूं लागले. दगडावर नांव कोरून न घेतां तें असें टिकलें. बादशहा व्हॅलेन्स हा मतभेदामुळें बेझिलचा कट्टा विरोधी. तरी या गरिबांसाठीं त्यानें उत्तम जमिनी दिल्या, असें थिओडोरेट हा इतिहासकार लिहितो. म्हणजे ही विरोधकाकडून मिळालेली दुसरी साक्ष.

याला जगांतील पहिलें रुग्णालय म्हणण्याचा कित्येकांना मोह होतो. तसें म्हणूं नये. रोमन लष्करांत शिपायांसाठीं रुग्णालयें होतीं. आणि अशोकानें सहाशें वर्षांपूर्वीं मनुष्यांच्या व पशूंच्याहि चिकित्सेची व्यवस्था केल्याचें शिलालेखांत नमूद आहे. येथें नवीन होती ती दारांतून आंत घेण्याची अट, किंवा तिचा अभाव.

हा अभावहि सहज टिकला नाहीं. खरा गरजू कोण आणि लुच्चा कोण हें ओळखावयास अनुभव लागतो, भटक्या मागणाऱ्या प्रत्येकाला देणें व्यर्थ, असें स्वतः बेझिलचेंच मत एका पत्रांत नोंदलेलें आहे. उलट योहान क्रिसोस्टम, ज्याच्या अंत्युखियांतील मंडळीच्या यादीवर ३,००० विधवा व कुमारी होत्या, तो म्हणे कीं गरिबाची गरज हीच त्याची पात्रता. त्याच्या चालचलणुकीची चौकशी करावयाला तुम्ही न्यायाधीश नाहीं. रोज शेंकडों पानें वाढणाराला बेझिलचें म्हणणें पटेल. आमचें मन मात्र क्रिसोस्टमकडे झुकतें. दुसरी अडचण याहून खोल आहे. दानानें पापें धुतलीं जातात, असें सिप्रियननें एक स्वतंत्र ग्रंथच लिहून प्रतिपादिलें होतें. मग हें दान निःस्वार्थ कसें? स्वर्गाच्या व्याजानें दिलेलें कर्ज तें! आणि या व्याजाच्या आशेनें धनिक स्त्रियांनीं दिलेल्या देणग्यांवर रोमचे बिशप गबर झाले. ३६६ मध्यें डमासस व उर्सिनस यांच्यांत त्या गादीसाठीं दंगल झाली, तेव्हां एका चर्चमध्यें एका दिवसांत १३७ प्रेतें सांपडलीं, असें अमियानस हा इतिहासकार लिहितो. ३७० मध्यें धर्मोपदेशकांनीं विधवांच्या घरीं जाऊं नये, असा कायदाच बादशहाला करावा लागला.

त्याच रोममध्यें फाबिओला होती. प्रख्यात फेबियन कुळांतली. दुराचारी नवऱ्याला सोडून तिनें दुसरें लग्न केलें, आणि तेंहि धर्मनियमाविरुद्ध होतें म्हणून पुढें भर लोकांत प्रायश्चित्त घेतलें. तिनें सारी इस्टेट विकून रोममधील पहिलें सार्वजनिक रुग्णालय काढलें, आणि ज्यांच्या जखमांकडे बघवत नसे अशा रोग्यांना ती स्वतः उचलून आणी, धुई, भरवी. बंदरावर उतरणाऱ्या परक्यांसाठीं तिनें पॅमाकियस याच्याबरोबर धर्मशाळाहि बांधली. हिनें स्वर्गाचा हिशेब केला नसेल असें कोण म्हणेल? पण पू वाहणारी जखम धुतांना तो हिशेब फार वेळ डोक्यांत राहत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. ३९९ मध्यें ती वारली, तेव्हां तिच्या अंत्ययात्रेला सारें रोम लोटलें असें जेरोम लिहितो.

बेझिल तिच्या वीस वर्षें आधीं, ३७९ च्या आरंभीं गेला. त्याच्या प्रेतयात्रेंत ख्रिस्ती लोकांबरोबर यहुदी आणि जुन्या देवांचे उपासकहि रडत होते, आणि गर्दींत चेंगरून कांहीं माणसें मेलीं. पुढें जुनें कैसरिया हळूहळू ओस पडलें. वस्ती सरकत सरकत बेझिलच्या वसाहतीभोंवतीं गोळा झाली, असें मानतात. सहाव्या शतकांत जस्टिनियननें शहराचा तट आंखडून घेतला. तुर्कस्तानांत आज कायसेरी म्हणून जें मोठें शहर आहे, तें त्या जागेवर वाढलेलें आहे.