विजय नावाचे पराभव

बारशाच्या दिवशी आत्याबाई बाळाच्या कानात 'कुर्र' करतात, तेव्हा त्या नावात घराची एखादी इच्छा दडलेली असते. 'विजय' हे नाव तर इच्छा लपवीतही नाही. तथापि मैदानावर नि रंगभूमीवर ज्यांनी हे नाव गाजविले, त्यांची कीर्ती पुष्कळदा पराभवातूनच उभी राहिली, ही मोठी मौज आहे.

१९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अखेरची झुंज लागली होती. धर्मवार संघांचा तो काळ. हिंदूंकडून विजय मर्चंट, तर 'इतरां'कडून विजय हजारे. हजारे सांगलीचे, एका शिक्षकाचे चिरंजीव; ख्रिस्ती असल्याने ते 'इतरां'त. मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढल्या आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेकचा वाटा २१ धावांचा. एवढे करूनही इतरांचा संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. पण त्या सामन्याची गोष्ट निघाली की लोक आधी हरलेल्या विजयचेच नाव घेतात.

पुढे १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. भारत डावाने हरला!

मर्चंटांचे नशीब याहून चमत्कारिक. दहा कसोट्या खेळून त्यांच्या वाट्याला एकही जय आला नाही. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला १५४ धावा काढून, खांद्याच्या दुखापतीमुळे ते निवृत्त झाले. आणि तीनच महिन्यांनी, १० फेब्रुवारी १९५२ रोजी, मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली. कर्णधार होते हजारे.

त्याच वर्षी लीड्सला ३ बाद ४२ अशी दैना असताना वीस वर्षांचा विजय मांजरेकर हजाऱ्यांच्या जोडीला उभा राहिला. त्याने १३३ आणि हजाऱ्यांनी ८९ धावा काढून २२२ ची भागी केली. दुसऱ्या डावात मात्र धावफलकावर शून्य असतानाच चार गडी बाद झाले, आणि तो सामनाही गेला.

चौथे विजय लेखणीचे. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सोडलेले विजय तेंडुलकर वृत्तपत्रांत वाढले आणि नाटककार झाले. त्यांनी जेत्यांच्या आरत्या गायिल्या नाहीत. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधल्या बेणारेबाई पेशाने शिक्षिका. खोट्या खटल्यात त्यांना घेरतात आणि खेळता खेळता त्यांचे आयुष्यच पिंजऱ्यात उभे करतात. बाई हरतात, पण प्रेक्षक घरी जातो तो त्यांची बाजू मनात घेऊन.

आज आमच्या कामोठ्यातल्या पोरांना हजारे नि मर्चंट ठाऊक असतात ते करंडकांची नावे म्हणून. सोळा वर्षांखालील मुले झुंजतात ती मर्चंटांच्या नावाच्या करंडकासाठी; मोठ्यांच्या एकदिवसीय स्पर्धेचा करंडक हजाऱ्यांच्या नावाचा. दरवर्षी तो करंडक एकच संघ नेतो, बाकीचे सारे हरून परततात. त्या परतणाऱ्यांना ३०९ ची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. आणि यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांनी बाळाचे नाव खुशाल विजय ठेवावे; मात्र हरल्यावर मान ताठ कशी ठेवावी, हेही त्याला लहानपणीच शिकवावे.