गोणपाटाची छत्री

पॅराशूट म्हटलं की डोळ्यांपुढे रेशीम येतं, फार तर नायलॉन. गोणपाट काही येत नाही. पण १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आभाळातून उतरणाऱ्या असंख्य छत्र्या तागाच्या होत्या. कापड तागाचं आणि दोऱ्याही तागाच्याच. नावही तसंच जोडून केलेलं: पॅराशूट अधिक ज्यूट, म्हणजे पॅराज्यूट. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ताग म्हटल्यावर हिरवळीचं खत आठवेल; हा तो नव्हे. हा बंगाल्यांचा ‘पाट’, ज्याची पोती आपल्या आडतीत थप्प्यांनी रचलेली असायची.

ही छत्री लागली ती डकोटा या मालवाहू विमानवाल्यांमुळे. त्यांतली जुनी-जाणती म्हणजे रॉयल एअर फोर्सची ३१ नंबरची स्क्वाड्रन. १९१५ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेर हिंदुस्थानात आली. ‘हिंदुस्थानच्या आभाळात पहिली’ हे तिचं लॅटिन ब्रीद, आणि ते खरंही होतं. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडला तेव्हा या स्क्वाड्रनने जखमी आणि निर्वासित उचलून आणले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सेनानी विंगेटचे छापेमार सैनिक, म्हणजे चिंदित, जपान्यांच्या पिछाडीला जंगलात शिरले, आणि त्यांच्या पोटापाण्याचं काम आगरतळ्याच्या धावपट्टीवरून हिच्याकडे आलं.

काम हमालीचंच. डकोटाचं माल चढवायचं दार शेपटाकडे, एका बाजूला. ते काढून ठेवायचं, दारात माल रचायचा, आणि खाली खूण दिसली की हातापायांनी ढकलून द्यायचा. एका फेरीत सगळा माल जात नाही. माल टाकायचा टापू चिमुकला, विमान क्षणात पलीकडे. म्हणून त्याच डोंगरावरून, त्याच बंदुकांच्या टप्प्यातून पुन्हा पुन्हा घिरट्या. तांदूळ, आटा पोत्यात पोतं घालून तसाच फेकता येई. दारूगोळा आणि औषधांना मात्र छत्री हवी. आणि जंगलात पडलेली छत्री परत कोण आणणार?

रेशमी छत्री माणसाच्या जिवाच्या हिशेबाने शिवलेली असायची. खोक्याला तेवढी खात्री कशाला हवी? या आघाडीवरच्या ब्रिटिश चौदाव्या आर्मीचा सेनापती विल्यम स्लिम आणि त्याचा पुरवठा सांभाळणारा स्नेलिंग यांनी हा सरळ हिशेब केला. बाहेरून छत्र्या पुरेशा मिळण्याची आशा नव्हती. स्लिम कलकत्त्याच्या ज्यूटवाल्यांना भेटला. काम तातडीचं आहे, पैसे कधी मिळतील ते सांगता येत नाही, असं स्वच्छ बोलला. गिरण्यांनी विणीचे आणि आकाराचे प्रयोग केले. महिनाभरात नेहमीच्या छत्रीच्या ८५ टक्के भरवशाची तागाची छत्री तयार झाली. किंमत एका पौंडाच्या थोडी वर; नेहमीचीला वीस पौंडांहून जास्त.

याच कलकत्त्याच्या फुटपाथांवर १९४३ साली माणसं अन्नावाचून मरत होती. पोतं, तांदूळ आणि विमान ही तिन्ही त्या शहराच्या हाताशी होती, ही गोष्ट पॅराज्यूटच्या कौतुकात मला विसरता येत नाही.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानात सातवी हिंदी डिव्हिजन जपान्यांकडून वेढली गेली. पूर्वी अशा वेढ्यात सापडलेली फौज मागे हटायची. आता तिला जागेवर थांबण्याचा हुकूम होता, कारण शिधा वरून येणार होता. मालवाहू विमानांचा प्रमुख, अमेरिकी जनरल ओल्ड स्वतः पहिल्या विमानांबरोबर गेला. अठरा दिवस वेढा टिकला, मोडला तो जपान्यांचा दम.

सगळीकडे मात्र असं जमलं नाही. मार्चमध्ये इंफाळच्या ईशान्येला संगशाकच्या डोंगरमाथ्यावर पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड अडकली. तिच्यासोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. जागा इतकी अरुंद की आभाळातून आलेला बराचसा माल जपान्यांच्या हाती पडला. पाण्याचा थेंब थेंब मोजत ती फौज २६ मार्चपर्यंत लढली आणि रात्री अंधारात निघाली.

तागाच्या छत्र्या वापरून स्लिमने सरकारचे लाखो पौंड वाचवले. वरून त्याला पत्र आलं ते खडसावणारं: खरेदी रीतसर मार्गाने का केली नाही?