चिलीम : दरबारी नळी आणि कुंभाराची माती

तापीकाठचे बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशाशी त्याचे नाते जुने आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ मध्ये जवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि हे शहर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे बनले. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल येथील सुभेदार होता. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या मुलीशी त्याचा विवाह ठरला, तेव्हा वधूला आणण्यासाठी असद बेग या अधिकाऱ्याची रवानगी विजापूरला झाली. पैठणला हा विवाह पार पडला. पुढच्याच वर्षी, १६०५ मध्ये, दानियाल बऱ्हाणपुरात मरण पावला. त्या मोहिमेची आठवण मात्र एका वेगळ्याच कारणाने टिकली. तंबाखू ओढण्याच्या नळीचे आपल्याकडील एक जुने, बारकाईचे वर्णन असद बेगने लिहून ठेवले आहे.

पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेली तंबाखू तोवर विजापुरात पोहोचली होती. असद बेगने ती तेथे प्रथमच पाहिली आणि बादशहासाठी बरोबर घेतली. सोबत एक देखणी नळी सिद्ध केली. तिची दांडी सुमात्रा बेटावरील अचिनची, तीन हात लांब, नीट वाळवून रंगविलेली होती. दोन्ही टोकांना रत्ने व मिनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक आणि जाळण्यासाठी सोन्याचे पात्र, असा तिचा थाट होता. अकबराने दोन-तीन झुरके घेतले; पण ग्रंथांत नसलेल्या या वस्तूला हकिमाने हरकत घेतली. बादशहाने सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तीही टिकली नाही.

हुक्का रुळला तसे अनेक कारागिरांना काम मिळाले. पाण्याचे भांडे, त्यावरची नळी, तोंडाशी धरायची मोहनाळ आणि माथ्यावरची चिलीम असे त्याचे भाग. नळ्या बांधणाऱ्याला नैचाबंद म्हणत. बिदरच्या कारागिरांनी जस्त व तांब्याच्या मिश्रधातूची भांडी ओतली, त्यांवर नक्षी कोरून चांदी बसविली आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने धातू काळाभोर केला. सतराव्या शतकातील अशी बिदरी भांडी लंडन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत.

सामान्य माणसाच्या हाती आली ती मातीची चिलीम. तिला ना पाणी लागते, ना लांब नळी. चाळून, भिजवून, तुडवून मऊ केलेल्या मातीचा मोठा गोळा कुंभार चाकावर ठेवतो आणि त्याच्या माथ्यावरूनच एकामागून एक चिलमी ओढून दोऱ्याने कापून घेतो. वरचे तोंड पसरट, खाली निमुळती मान. मानेतील भोक आरपार आणि सरळ हवे. भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली, तर निखाऱ्याच्या आचेने ती तडकते. सावलीत सुकवून, वरून गेरू देऊन, गुळगुळीत घोटून चिलमी आव्यात भाजतात. धूर कोंडून भाजल्या तर काळ्या, मोकळ्या हवेत भाजल्या तर तांबड्या निघतात.

ओढणारा आत खडा टाकतो, म्हणजे तंबाखू व निखारा खाली उतरत नाही. मानेला ओली छापी गुंडाळतो, म्हणजे मातीचा चटका ओठांना बसत नाही. खडा आणि चिंधी मिळून चिलीम पुरी होते, दोन्ही फुकटची.

आयती वळलेली, कुठेही पेटविता येणारी विडी आली आणि चिलमीची गरज सरली. आज ती मुख्यतः साधू-बैराग्यांच्या हाती आणि जत्रांच्या दुकानांत दिसते, पुष्कळदा गांजासाठीच. तिच्या मागे पडण्याचे दुःख करण्याचे कारण नाही. तंबाखूचा धूर मातीतून आला काय किंवा हुक्क्याच्या पाण्यातून आला काय, घातकच असतो. पाण्याने तो निर्धोक होतो ही समजूत खोटी आहे.

मात्र वस्तूबरोबर तिचे ज्ञानही जाते, याची नोंद घ्यायला हवी. रत्नजडित नळीला बखरकार मिळाला, बिदरी भांड्याला संग्रहालय मिळाले. मातीची चिलीम फुटली की उकिरड्यावर गेली. तिच्या घडणाऱ्याचे नाव कोणी लिहिले नाही. ज्या हातांनी ती वळली, तेच हात आज पणत्या आणि संक्रांतीची सुगडे वळतात. निमुळत्या मानेतून सरळ भोक काढण्याची त्यांची युक्ती जाणकार कुंभार आहेत तोवरच टिपून घेता येईल. ती टिपण्यासाठी चिलीम ओढावी लागत नाही.