मागच्या रांगेतली आजी

मेहरूणच्या तलावाकाठी १९५२ साली काढलेला आमच्या घराचा एक फोटो ओसरीत टांगलेला आहे. पुढे खुर्च्यांवर आजोबा आणि त्यांचे भाऊ. आजोबांच्या मांडीवर चार वर्षांचे माझे वडील. आजोबांच्या टोपीची घडीसुद्धा स्वच्छ दिसते. मागे, चार पावलांवर, बोरीखाली बायका उभ्या. त्यांतली डावीकडून दुसरी माझी आजी. धुक्यातून पाहावे तसे तिचे तोंड. तिचा दुसरा फोटो नाही, आणि मी जन्मण्याआधीच ती गेली.

आजी हलली, असे घरात सारे म्हणत. मीही पुष्कळ वर्षे तेच मानले. पण एकदा नीट पाहिले, तर तिच्या शेजारणी आणि बोरीचे खोडही तितकेच धूसर! खोड काही हलले नव्हते.

तो फोटो हाफ-प्लेटचा, म्हणजे साडेसहा इंच लांबीच्या काचेवरचा. एवढ्या काचेला साधारण २०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लागते. सायंकाळचा उजेड कमी. भोक नाभीय अंतराच्या पाचव्या भागाएवढे उघडले, तर ते ४० मिलिमीटरचे होते. तोच देखावा सिनेमाच्या ३५ मिलिमीटर पट्टीवर घ्यायला २५-३० मिलिमीटरचे भिंग पुरते, आणि पाचवा भाग म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचे भोक. देखावा तोच असेल, तर भोक जितके मोठे तितकी स्पष्टतेची खोली उथळ. फोटोग्राफरने भिंग खुर्च्यांवर जुळवले. खुर्च्यांवर कोण बसावे, हे त्याने ठरवले नव्हते.

ही उथळ खोली कोणासाठी राखायची, हा प्रश्न आपल्या चित्रपटवाल्यांपुढेही होताच. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली आणि दुसऱ्याच वर्षी 'अमृतमंथन' निघाला. त्यात राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापतो. हिंदी आवृत्तीत तो चंद्रमोहनचा. शांतारामबापूंनी त्यासाठी दूरचे भिंग, टेलिफोटो, वापरले; कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर. डोळा पडदाभर करायचा, तर कोणत्याही भिंगाने खोली नखाएवढीच राहते. दूरच्या भिंगाचा लाभ निराळा. कॅमेरा लांब ठेवता येतो, नटाच्या तोंडावर त्याची सावली पडत नाही, दिव्यांना जागा मिळते. पुढे भक्तांच्या गर्दीचा देखावा आला, की तेथे ते भिंग कामाचे नाही.

प्रभातमध्येच उमेदवारी केलेल्या गुरुदत्तने १९५९ साली 'कागज़ के फूल' काढला. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप, छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचे. पट्टी तीच ३५ मिलिमीटरची, पण भिंग देखावा आडवा दाबून टिपते आणि पडद्यावर दुसरे भिंग तो उलगडते. तेवढ्याच रुंदीच्या देखाव्याला मग जवळजवळ दुप्पट नाभीय अंतराचे भिंग लागते आणि खोली घटते. पुढेमागे उभ्या दोन पात्रांतून एकाला निवडा, नाहीतर दिवे वाढवून भोक लहान करा.

'शोले'ची (१९७५) गंमत याहून वेगळी. लोक त्याला सत्तर मिलिमीटरचा चित्रपट म्हणतात. पण द्वारका दिवेचांनी तो ३५ वरच टिपला, प्रती मोठ्या केल्या. खोली टिपतानाच ठरते. नंतर पट्टी वाढवल्याने ती ना वाढते ना घटते. धूसर भाग तेवढा मोठा होऊन दिसतो.

आता खिशातल्या फोनचे भिंग पाच-सहा मिलिमीटरचे आणि भोक सुमारे तीन. त्यामुळे मागच्या रांगेतल्या सुनासुद्धा स्वच्छ येतात. पाठीमागचे धूसर हवे असेल, तर फोन ते हिशेबाने करतो.

गेल्या दिवाळीत माझ्या एका विद्यार्थ्याने ओसरीतला फोटो फोनवर 'साफ' करून आणला. आजीला नाक-डोळे आले होते, कपाळावर कुंकूसुद्धा. मी तो वडिलांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला.

"ही कोण रे?" त्यांनी विचारले.